मानस, क्रमांक अडतीस

आधी उंची, मग रुंदी, सेंटिमीटरमध्ये.
मग माध्यम, मग सही आहे की नाही,
सगळ्यात शेवटी: आज कुणाकडे.
लंडनहून आलेला नियमांचा कागद
मी डिचोलीच्या घरी फ्रीजला चिकटवला
आणि शिवणाची टेप पर्समध्ये टाकून
जुव्याला जाऊ लागले, आठवड्यातून तीनदा.

लेनर्ड हॅस्कम या बेटावर एकवीस वर्षं राहिला.
भेंडीचे मळे काढले, चुडतांची कुंपणं,
पाद्रीचं लंगडं कुत्रंसुद्धा.
पण एकच गोष्ट एकेचाळीस वेळा:
बांधातलं लाकडी दार,
खाडीला शेताबाहेर ठेवणारं.
प्रत्येकामागे रोमन अक्षरांत एक शब्द. मानस.

तिकडे कुणीतरी शब्दकोश उघडला असणार.
'मन एक', 'मन दोन', 'मन सतरा'
अशा नावांनी ती विकली गेली.
एका प्रस्तावनेत तर चार पानं आहेत
चित्रकार कसा आत आत वळत गेला त्यावर;
दारापलीकडच्या काळोखाला तिथं ध्यान म्हटलंय.
मी कळवलं, महोदय, तो चिखल आहे.
भरतीला दार आपोआप मिटतं,
ओहोटीला उघडतं,
आमच्याकडे मानस म्हणजे एवढंच.
दोन दिवस उत्तर नाही.
मग आलं: बरं, पण तारखांचं काय?

तारखा नव्हत्याच. हॅस्कम तारीख घालत नसे
(भाडंही वेळेवर देत नसे, असं ऐकलं).
तज्ज्ञांनी रंगाच्या थरांवरून लावलेला क्रम
मी पियेदाद कुलासोच्या बलकांवात मांडला,
एकेचाळीस फोटो, वाऱ्याने उडू नयेत म्हणून
कडेला तिच्या चपला.
तिचा नवरा इनास मानशीची राखण करायचा.
तिनं चष्मा पदराला नाही, फ्रॉकला पुसला
आणि पत्ते पिसावेत तसा तो क्रम पिसला.

"ही फळी बघ. माटीची, नवी.
बांधाला खांवटें पडलं त्या पावसातली,
माझी लुर्दीन तेव्हा पोटात.
म्हणजे हे आधीचं. हे मागाहून.
आणि ह्यात बिजागरीला सुंभ दिसतो ना,
तो इनासने बांधलेला,
लोखंड पणजीहून येईस्तोवर.
आठ दिवस होता तो सुंभ. नववा नाही."

मी लिहीत होते आणि माझं पेन
तिच्यापेक्षा हळू चालत होतं.

अडतीसावं चित्र यादीत होतं 'ठिकाण अज्ञात'.
ते तिच्याच खोलीत निघालं,
खुरसाखाली, भिंतीकडे तोंड करून.
बाहेरच्या बाजूला, म्हणजे पाठीवर,
पेन्सिलीने महिनाभराच्या भरत्या:
पुनव, उमास, पहाटेचे आकडे,
एका जागी बोटाचा तेलकट डाग.
आमच्या रकान्यात याला म्हणतात
'मागील बाजूस नोंदी, परहस्ते.'
ती म्हणाली, "हें चित्र न्हय, बाय.
हें ताचें अक्षर."

म्हापशाहून फोटोग्राफर आला, दोन दिवे घेऊन.
चित्र पालथं केलं, म्हणजे त्याच्या मते सुलटं,
फोटो काढला, चहा प्यायला, गेला.

ग्रंथ छापून आला तो सव्वातीन किलोचा.
पान एकशे बारा. आज कुणाकडे:
खाजगी संग्रह, गोवा.
"संग्रह म्हणजे हांव?"
"हो."
ती इतकी हसली की कोंबड्या पांगल्या.
तळटीप सत्तावन्नमध्ये तिचं नाव होतं,
एका आडनावाच्या चुकीसकट, ते मी दाखवलं.
तिनं मान हलवली, पान उलटलं,
पुन्हा उलटलं, उजेडाकडे धरलं,
जणू कागदाच्या आरपार काही असेल.
"आनी फाटली बाजू?"

ती छापत नाहीत, मी म्हटलं.
ती काही बोलली नाही.
आत जाऊन खिळ्यावरची दोरी सरळ केली,
आकडे आमच्याकडे होते, नेहमीसारखे.
खाली ग्रंथ उघडाच पडून.
मी पर्समधून टेप काढली, सवयीने,
आणि त्या अक्षराची उंची घेतली.
मग रुंदी.